वाडा थांबतो ते दिवस



दिवाळीनंतर चाकण–तळेगाव रस्त्याने कंपनीच्या बसमधून जाताना आपल्यापैकी अनेकांनी मेंढरांचा कळप पाहिला असेल. पुढे घोडी, तिच्या पाठीवर सगळे बिऱ्हाड, मागे शे-दोनशे मेंढरे आणि बस अडली म्हणून वैतागलेला ड्रायव्हर. कधी नीट पाहिले तर घोडीवरच्या गोधड्यांमधून दोन-चार इवली डोकी बाहेर आलेली दिसतात. ती आदल्या रात्री जन्मलेली कोकरे असतात. आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे.

हे धनगरांचे वाडे. वाडा म्हणजे घर नव्हे, एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा तळ. पारनेर-संगमनेरकडून ते पावसाळ्यानंतर कोकणाच्या दिशेने निघतात आणि पुढच्या पावसाच्या आधी परततात. हा समाज आपल्या राज्यात अनुसूचित जमातींत नाही, भटक्या जमाती (क) या प्रवर्गात आहे. तरी आमच्या कामाच्या वाटेवर तो रोज भेटतो, म्हणून या पत्रिकेत त्याला जागा मागितली.

मेंढी सुमारे दीडशे दिवस गाभण असते. मृगाच्या पावसाने गवत वाढले की अंगात जोर येतो, मेंढ्या माजावर येतात, आणि पाच महिने मोजले की कार्तिक-मार्गशीर्ष येतो. म्हणजे वाडा चालता असतो तेव्हाच बऱ्याच मेंढ्या वितात, आणि तेही थंडीत.

कोकरू जन्मते अडीच-तीन किलोचे, ओले. मेंढीच्या पोटात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक शक्ती पिलाला मिळत नाही. ती मिळते फक्त चिकातून, आणि पहिल्या काही तासांतच, कारण त्यानंतर पिलाचे आतडे ती शोषून घेत नाही. म्हणून कोकराने तासाभरात उभे राहून कासेला तोंड लावले पाहिजे. याच कारणाने आंत्रविषाराची लस मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी टोचतात; ती चिकातून पिलाच्या कामी येते.

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. तरी पहिल्याच वर्षी चूक केली. एक कोकरू थंडीने कापत होते. मी ते उचलले, माझ्या टॉवेलने खसाखसा पुसून कोरडे केले आणि मोठ्या समाधानाने आईपुढे ठेवले. मेंढीने हुंगले आणि ढुशी मारली. पुन्हा ठेवले, पुन्हा ढुशी. तळावरच्या आजी धावत आल्या. “ताई, पुसू नये ओ. तिला चाटू द्यावं. तुमच्या साबणाचा वास लागला त्याला, आता कशी वळखंल ती?” त्यांनी मेंढीच्या अंगाखालचा ओलावा हाताने घेऊन कोकराला चोळला, वर चिमूटभर मीठ लावले. मिठासाठी मेंढी चाटू लागली. चाटता चाटता तिने त्याला आपले म्हटले. आई नसलेले पिलू असेल तर त्याला शेळीला लावतात. मेंढरांत चार-दोन शेळ्या का असतात हे मला तेव्हा कळले.

पुरुष मेंढरे घेऊन रानात जातात. तळावरची कोकरे, पाल, चूल, पाणी हे सारे बाया पाहतात. रात्री वाघरीच्या आत कळप आणि भोवती कुत्री, कारण खेड-जुन्नर भागात बिबट्याची भीती खरी आहे.

आता अडचण कुठे आहे ते सांगते. कोकरू जन्मले की वाड्याला थोडे थांबावे लागते. पूर्वी बाजरी-कांदा निघालेल्या रानात शेतकरी वाडा बसवून घेत. मेंढरांचे लेंडीखत आणि मूत रानाला मिळे, वाड्याला धान्य किंवा पैसे. आठवडाभर सहज मुक्काम होई. आता त्याच शिवारांत प्लॉटचे तारकुंपण, गोदामे आणि भिंती आहेत. गायरानेही आक्रसली. मग एक रात्र इथे, एक रात्र तिथे, आणि दोन दिवसांची पिले घोडीवर. (घोडीवर मावतात तेवढीच, बाकीची बायांच्या कडेवर.) कारखान्यांवर आपली घरे चालतात, त्यामुळे मी त्यांना नावे ठेवत नाही. पण थांबायला जागाच उरली नाही, हेही खरे.

उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात याकोब एसावाबरोबर चालायला नकार देतो. कळपात पाजत्या माया आहेत, एक दिवस जरी दामटले तरी कळप हातचा जाईल, असे त्याचे कारण. मी डिप्लोमा करताना आम्ही ती त्याची सबब समजत होतो. आता मला तसे वाटत नाही.

आपल्यापैकी कोणाचे खेड-मावळात रिकामे रान असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात वाड्याला आठ दिवस बसू द्यावे. सोसायटीजवळ तळ पडला तर पाण्याचा नळ दाखवावा, मोकळी कुत्री आवरावीत, आणि मुलांनी कोकरू उचलून फोटो काढू नये. वासाचे कारण वर आलेच आहे. मेंढी अडली असेल तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरत्या पथकाला कळवता येते. वाड्यातल्या लोकांपाशी फोन असतो, पण आपण कुठल्या गटात उभे आहोत हा पत्ता त्यांना सांगता येत नाही. तो आपण सांगावा.

मागच्या हिवाळ्यात आपल्या मंडळीतल्या एका काकांनी चाकणजवळचे रान दिले. नऊ दिवस वाडा तिथे होता. काकांनी पैसे घेतले नाहीत आणि दिलेही नाहीत. यंदा त्यांनी स्वतःच फोन करून विचारले, “वाडा कधी येणार? रान नांगरायचं थांबवलंय.”