गाडीच्या काचेवरचा ओरखडा: तो निघत नाही, काच झिजते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. मध्ये भरकटलो होतो तेवढं कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न: गाडीच्या काचेवरचे ओरखडे घरी पॉलिश करून जातात का? उत्तर आधीच देऊन टाकतो. काही जातात. काहींना हात लावू नये. यातला दुसरा भाग मी समोरची काच वाया घालवून शिकलोय.

मी पुण्यात कोड लिहितो, पण घर काटोलला. दिवाळीत गेलो तेव्हा आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली होती. अशा दिवसांत बाबा पहाटे अंधारात कळमना मार्केटला निघतात, मालाच्या गाडीमागे स्वतःची गाडी घेऊन. या वेळी म्हणाले, "आता अंधारात नाही चालवत मी. समोरून लाईट आला का काहीच दिसत नाही. डोळे गेले रे माझे." मोतीबिंदू असेल म्हणून डॉक्टरांना दाखवून झालं होतं. मोतीबिंदू नव्हता. गाडी विकायची भाषा सुरू झाली होती.

मग एका रात्री मीच स्टेअरिंगवर बसलो. समोरून ट्रक आला आणि अख्ख्या काचेवर उजेडाची कमान उमटली. वायपरचं रबर कधीतरी फाटलं होतं, आतली पट्टी काचेवर घासत होती, त्यात रस्त्याची धूळ. डोळे ठीक होते, काच खराब होती.

इंजिनिअर असल्यामुळे मी अर्थातच आधी व्हिडिओ पाहिले. टूथपेस्ट लावा म्हणे! काचेचा कठीणपणा मोह्सच्या मोजपट्टीवर साधारण साडेपाच. टूथपेस्टमध्ये बहुतेकदा असणारा कॅल्शियम कार्बोनेट तीनच्या आसपास. तो काचेचं काय वाकडं करणार? टूथपेस्टने मळ निघतो आणि आपल्याला वाटतं ओरखडा गेला. उलट धुळीतल्या वाळूचा क्वार्ट्झ सातवर असतो. म्हणून कोरड्या फडक्याने काच पुसणं म्हणजे स्वतःच ओरखडे पाडणं.

काचेसाठी खरी वस्तू म्हणजे सेरियम ऑक्साइड. पांढरट किंवा गुलाबीसर पावडर, चष्म्याच्या आणि कॅमेऱ्याच्या भिंगांना हीच लागते. गंमत अशी की ती नुसती खरवडत नाही. पाण्याच्या सोबतीने ती काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक नातं जोडते आणि सिलिकाचा अतिशय पातळ थर सोबत घेऊन जाते. म्हणून पाणी हवंच, कोरडं चालत नाही.

आता आजच्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. पॉलिश ओरखडा भरत नाही. ओरखडा हा खड्डा आहे, आणि आपण आजूबाजूची जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणतो. खड्डा जितका खोल, तितकी काच घालवावी लागते.

म्हणून आधी नखाची परीक्षा. काच धुवा, वाळवा, ओरखड्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिश करून पाहायला हरकत नाही. अडकलं तर थांबा. आणि पांढरे गोल डाग असतील तर ते ओरखडेच नाहीत. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आहेत, व्हिनेगरने बरेचदा निघतात.

मी सुरुवात बाजूच्या काचांपासून केली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली, तेव्हा बाबांनी फिल्म ब्लेडने खरवडून काढली होती. त्याच्या बारीक रेघा आतून अजून होत्या. पद्धत अशी:

गाडी सावलीत, काच थंड. दरवाजाच्या आतल्या भागावर प्लास्टिक, रबरावर मास्किंग टेप. पावडर हाताळताना मास्क आणि चष्मा. पावडरमध्ये पाणी घालून दाट ताकासारखं करायचं. बॅटरीवरच्या ड्रिलला फेल्टचा पॅड लावायचा. वायरचा ड्रिल नको, कारण इथे सगळीकडे पाणी असतं. वेग कमी, दाब हलका, पॅड सतत फिरता. अर्ध्या मिनिटाने थांबून हाताने काच चाचपायची. कोमट चालेल, चटका लागला तर थांबायचं. पाणी फवारायचं, पुसायचं, पाहायचं, परत सुरू. घाई केली की काच तापते आणि तडकू शकते. आणि मागच्या काचेवर आतून डीफॉगरच्या तारा असतील तर तिथे आतून पॅड लावूच नका.

दोन तासांत एक काच लख्ख. बाबा येऊन पाहून गेले, काही बोलले नाहीत. म्हणजे आवडलं.

बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्यांची ताकद बाहेरच्या दाबलेल्या थरात असते, दोन्ही बाजूंनी जाडीच्या साधारण एक पंचमांश. हलकं पॉलिश त्या थराच्या वरवरच राहतं. खोल घासलं तर ताकदच घासली जाते. समोरची काच वेगळी: दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर, म्हणून फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. ती उष्णतेला जास्त नाजूक.

हे सगळं माहीत असूनही मी समोरच्या काचेला हात घातला. कमानीतल्या एका रेघेत नख अडकत होतं, बरोबर ड्रायव्हरच्या नजरेसमोर. "काऊन रे, काय करून राहिला त्या काचेले? राहू दे ना," बाबा म्हणाले. मी म्हटलं, पाच मिनिटं. तीन तास गेले. रेघ गेली! रात्री बाबांनी गाडी काढली आणि चौकातूनच परत आणली. "समोरची गाडी पाण्यातून येऊन राहिली असं दिसते."

दुर्बिणीचा आरसा हाताने बनवणारे हौशी लोक हीच पावडर वापरतात. सपाट काच आधी घासून खोलगट करतात, मग या पावडरने तिला शेवटचा नेमका आकार देतात. मी नेमकं तेच केलं होतं, पण नकळत. एकाच जागी घासून तिथे उथळ खळगा झाला, म्हणजे भिंगच. उजेडाची कमान काढायला गेलो आणि रस्ताच वाकवून ठेवला. आधी निदान बाबांना कळत होतं की दिसत नाही. आता दिसत होतं, पण चुकीचं.

दुसऱ्या आठवड्यात समोरची काच बदलली, माझ्या खर्चाने. सोबत वायपरची नवी रबरं. ती वेळेवर बदलली असती तर हा भाग रेकॉर्डच करावा लागला नसता.

तेव्हा लक्षात ठेवा: बाजूच्या काचेवरच्या, नखाला न लागणाऱ्या रेघा खुशाल पॉलिश करा. ड्रायव्हरच्या नजरेसमोरची खोल रेघ घासू नका, काच बदला. आणि हो, मेसेज येणारच म्हणून सांगतो, मोबाईलच्या स्क्रीनवर हे करू नका. तिथला मजबूत थर अतिशय पातळ असतो आणि वरचं बोटांचे ठसे टाळणारं कोटिंग आधी जातं.

परवा पहाटे साडेचारला बाबांचा फोन आला. घाबरून उचलला. म्हणाले, "कळमन्याले निघालो. चांगलं दिसून राहिलं." आणि ठेवला.

भेटू पुढच्या भागात. तोवर वायपर उचलून रबर एकदा बघा.