अलिबागेहून परतलेली मोटार

अलिबागेहून परतलेले आमचे एक शेजारी मोटारीवरील धूळ कोरड्या फडक्याने मोठ्या तत्परतेने पुसू लागले, तेव्हा मला राहवले नाही.

धुळीतील वाळूचे कण फडक्याखाली दबून रंगावरील पारदर्शक लेपावर जे सूक्ष्म ओरखडे उमटवितात, ते उन्हात जाळ्यासारखे चमकतात. म्हणून प्रथम भरपूर पाणी, मग कार शाम्पू व शेवटी मायक्रोफायबरचे कापड, हाच क्रम योग्य. भांड्यांचा साबण वर्ज्य!

शिवाय समुद्रकाठचा क्षार चाकांच्या कमानीत व तळाच्या पत्र्यावर साचून गंजास कारणीभूत होतो, सबब तेथे पाण्याचा फवारा मारणे अगत्याचे. दरवाजांच्या खालच्या कडेस निचऱ्याची छिद्रे असतात. ती चिखलाने बुजल्यास पत्रा आतून कुजतो, आणि नेमके तिकडेच कोणी पाहत नाही.