लोणारची तारीख

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरासाठी मात्र काही नागरिकांनी हे शहाणपण बाजूला ठेवलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जनहित याचिका नेली. ती कित्येक वर्षं चालू असतानाच जून २०२० उजाडला आणि एरवी शेवाळी हिरवं दिसणारं हे पाणी एकाएकी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस होते. फोटो मोबाइलवरून गावोगाव फिरले आणि तर्कांना ऊत आला. खंडपीठानं तर्क ऐकत न बसता पाण्याचे नमुने तपासून अहवाल द्यायला सांगितलं.

उत्तर शास्त्रज्ञांकडून आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्यात ‘हॅलोआर्किया’ नावाचे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. पाऊस कमी, ऊन जास्त, त्यामुळे पाणी आटून खारटपणा वाढला. या जीवांचं फावलं आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यानं सरोवर रंगलं. नमुने स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं, म्हणजे हा रंग कायमचा नव्हता. न्यायालयानं विचारलं म्हणून एका कुतूहलाचं रूपांतर नोंदीत झालं.

हे सरोवर म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीची वाटीच आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर उल्का आदळून ती तयार झाली. तिचं वय आधी ५० हजार वर्षांच्या आसपास मानत. आर्गॉन पद्धतीच्या मोजणीनंतर ते साडेपाच लाखांच्या पुढे गेलं. पाण्याचा सामू दहाच्या घरात, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा. काठावर मात्र गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. भाविक तिथे हात-पाय धुतात आणि तेच पाणी उतारानं खाली सरोवरात जातं. खाली कमळजा मातेचं देऊळ आहे, गावात दैत्यसूदनाचं.

एवढ्याशा वाटीचे मालक किती? जंगल वनखात्याचं, कारण २००० साली इथे अभयारण्य जाहीर झालं. जुनी देवळं पुरातत्त्व खात्याकडे. गावाचं सांडपाणी नगरपरिषदेचं, जमिनीचे कागद महसूलचे, पर्यटकांच्या सोयी पर्यटन विभागाच्या. सांडपाणी आत उतरतं, विवराच्या कडेला बांधकामं सरकतात, काठच्या जंगलात वेडी बाभूळ घुसते; आणि विचारायला गेलं की प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळतं, हे आमच्याकडे येत नाही. न्यायालयाचं खरं काम इथे दिसतं. सगळ्या खात्यांना एका दिवशी, एका दालनात हजर व्हावं लागतं आणि मागच्या वेळी कबूल केलेलं कुठवर आलं, ते सांगावं लागतं. ‘तारीख पे तारीख’ म्हणून आपण ज्या तारखेला नावं ठेवतो, तीच लोणारच्या कामी आली. तारीख जवळ आली की फाईल हलते.

न्यायालयाच्या या भूमिकेमागे पन्नासएक वर्षांची वाटचाल आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं पर्यावरणरक्षण राज्याच्या धोरणात आणि नागरिकांच्या कर्तव्यांत आणलं. १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ पाणी आणि हवा यांना अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात बसवलं. १९९६ च्या वेल्लोर निकालानं ‘प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व रुजवलं. त्याच वर्षी कमलनाथ प्रकरणात न्यायालयानं सांगितलं, की नद्या-जंगलं यांचं सरकार मालक नव्हे, विश्वस्त आहे. २०१० च्या कायद्यानं हरित न्यायाधिकरण आलं. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

हवामान बदलाचा हक्काशी थेट संबंध मार्च २०२४ मध्ये जोडला गेला. विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला. त्याच निकालात मात्र तारा जमिनीखाली घालण्याचा २०२१ चा सरसकट आदेश सैल झाला, कारण सौरऊर्जाही हवीच. देशाबाहेर २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारला उत्सर्जन घटवायला भाग पाडलं, तर जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हवामानरक्षण ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी असल्याचं मत दिलं.

पण न्यायालयाच्या भरवशावर निजून चालत नाही. प्रकल्प उभारल्यावर मागाहून पर्यावरण मंजुरी देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये रद्द केली आणि नोव्हेंबरमध्ये तोच निकाल दोन विरुद्ध एक अशा मतांनी मागे घेतला. शिवाय न्यायाधीश आदेश लिहू शकतात. गटार वळवायला, वेडी बाभूळ उपटायला माणसं आणि पैसा शासनाचाच लागतो. निकालानं पाणी शुद्ध होत नाही, फक्त अशुद्ध ठेवणाऱ्याला कारण द्यावं लागतं. हेही कमी नाही, पण पुरेसंही नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं. नांदूर मधमेश्वरनंतरचं ते राज्यातलं दुसरं स्थळ. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या ८५ रामसर स्थळांवर त्या त्या उच्च न्यायालयांनी लक्ष ठेवावं, असं सांगितलं. लोणारची तारीख त्यामुळे इतक्यात संपायची नाही, आणि संपूही नये. मात्र नागपूरला तारीख अधूनमधून पडते. काठावर नजर रोजची लागते, आणि ती लोणारकरांची व तिथे जाणाऱ्या तुमची-आमचीच असू शकते. धारेपाशी उभे राहाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या: या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. आत जे पडेल, ते आतच राहतं.