ऑनलाइन तासाला हजर कोण असतं?

इथे कॅम्प १ मध्ये समोर बसलेल्यांना नमस्कार आणि घरून मोबाइलवर ऐकणाऱ्यांनाही. विद्यापीठाचे अभ्यासक्रम ऑनलाइन कसे शिकवावेत, हा आजचा विषय. यातलं बटणांचं ज्ञान माझ्यापेक्षा माझ्या नातीला जास्त आहे, तेव्हा ते मी सांगत नाही. मी शिकवण्याबद्दल बोलणार आहे, आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि पुढचं शैक्षणिक वर्ष मोबाइलवर आलं. निवृत्त झालो होतो तरी एका महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गाला तत्त्वज्ञानाचा एक पेपर शिकवत होतो. मी काय केलं? आयुष्यभर वर्गात जे केलं तेच. पाऊण तास बोललो. पडद्यावर चाळीसेक नावं दिसायची, माइक बंद, कॅमेरे बंद. शेवटी विचारायचो, "काही शंका?" कुणी बोलायचं नाही. मी समजायचो, सगळ्यांना कळलं. हजेरी तर वर्गातल्यापेक्षा जास्त भरायची!

सत्र संपताना एका विद्यार्थिनीचा प्रकल्प आला नाही म्हणून तिला फोन केला. माझ्या हजेरीत तिचा एकही तास चुकलेला नव्हता. ती म्हणाली, "सर, खरं सांगू का? तासाला जॉइन व्हायचे आणि फोन ओट्यावर ठेवायचे. घरी जीन्सचे धागे कापायचं काम यायचं, ते करत बसायचे. तुम्ही एकदा जरी नाव घेऊन विचारलं असतं ना, तर ऐकलं असतं." पुढच्या वर्षी तिने प्रवेश घेतला नाही. माझ्यामुळेच, असं मी म्हणत नाही. घरची अडचण होतीच. पण ती वर्गातून गेली केव्हाच होती आणि मला पत्ता नव्हता, हे माझंच आहे.

आता जरा आमच्या शास्त्राकडे वळू. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लिखाणाविषयी एक तक्रार करतो. लिहिलेल्या मजकुराला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच सांगतो, उत्तर देत नाही. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाचं तेच आहे. आणि समोरून प्रश्न येणार नसेल तर थेट प्रक्षेपणसुद्धा रेकॉर्डिंगच झालं! आपल्याकडे 'उपनिषद' या शब्दात जवळ बसणं आहे. आता जवळ बसणं म्हणजे एका खोलीत बसणंच का? माझं म्हणणं असं, की ज्याला विचारता येतं आणि ज्याला विचारलं जातं, तो जवळ. बाकीचा पहिल्या बाकावर बसलेला असला तरी लांबच.

दुरून शिकवणं काही २०२० मध्ये जन्माला आलं नाही. मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण १९७१ मध्ये सुरू केलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. पण त्या विद्यापीठाने नुसती पुस्तकं घरी धाडली नाहीत. अभ्यासकेंद्रं काढली, तिथे संमंत्रणाची सत्रं ठेवली. गंगा दारात आली तरी घागर भरायला माणूस लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. 'स्वयम्'च्या अभ्यासक्रमांतसुद्धा व्हिडिओ आणि वाचनसाहित्याबरोबर चर्चा आणि मूल्यमापन हे भाग धरलेले आहेत. आम्ही घाईघाईत फक्त भाषण उचललं आणि बाकीचं विसरलो.

तेव्हा त्या फोननंतर मी काय बदललं, ते सांगतो.

पहिली गोष्ट. पहिल्या आठवड्यात शिकवायचं नाही, चौकशी करायची. फोन कुणाचा आहे? घरी कधी मोकळा असतो? डेटा किती? आपल्याकडे उल्हासनगर काय, अंबरनाथ-बदलापूरच्या चाळी काय, एका खोलीत पाच माणसं आणि एक फोन हे नवं नाही. त्या वेळी पुष्कळांकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक असायचा. व्हिडिओचे तीन-चार तास झाले की तो संपलाच.

दुसरी. भाषण आणि चर्चा वेगळी करा. जे मला एकट्यालाच बोलायचं आहे, ते बारा-पंधरा मिनिटांच्या आवाजी फाइलमध्ये आदल्या दिवशी पाठवायचं. व्हिडिओच्या मानाने तिला डेटा फारच कमी लागतो, आणि धागे कापतानाही ती ऐकता येते. सोबत एक पान टिपण आणि एक प्रश्न. थेट तास अर्ध्या तासाचा, आणि तो फक्त त्या प्रश्नावर.

तिसरी. "काही शंका?" हा प्रश्न बंद करा. नाव घेऊन विचारा. मात्र प्रश्न आदल्या दिवशी दिलेला हवा, नाहीतर ती उलटतपासणी होते. "सर, आज नको" म्हणायची मुभा ठेवा. आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. माइक सुरू करायला, घरातल्यांना गप्प करायला वेळ लागतो हो! कॅमेऱ्याची सक्ती नको. मागे भिंतीवर काय आहे, कोण झोपलंय, हे जगाला दाखवायची जबरदस्ती आपण का करावी?

चौथी. चाळीस जणांत कुणी बोलत नाही, सहा जणांत बोलतात. मी सहा-सहाचे गट केले आणि एकेका गटाला आळीपाळीने वीस मिनिटं दिली. माझा वेळ जास्त गेला, हे खरं. पण पाऊण तास भिंतीशी बोलण्यापेक्षा बरा गेला.

पाचवी, परीक्षेची. २०२० मध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा झाल्या, त्यात उत्तरं ग्रुपवर कशी फिरायची हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष मांडायची रीत आहे. खंडन करण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडायचं. मी तेच काम दिलं. तीन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवा. शेजारच्या गटाचं मत त्यांच्या बाजूने मांडा, मग तुमचं सांगा. यात नक्कल करणं अवघड, कारण शेजारच्या गटाचं ऐकावंच लागतं. कुणी मराठीत, कुणी हिंदीत, एक-दोघांनी सिंधीमिश्रित हिंदीत पाठवलं. चाललं. फक्त त्यांचे आवाज त्यांना न विचारता कुठे टाकू नका.

सहावी. एक साधी वही ठेवा. हजेरीची नाही. आज कोण बोललं, तेवढंच लिहायचं. दोन आठवडे ज्याच्या नावापुढे काही नाही, त्याला फोन करायचा. रागवायला नव्हे, विचारायला.

आता प्राध्यापक म्हणतील, सर, एकेका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, वर कागदपत्रं, हे कुठून जमवायचं? तक्रार रास्त आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना तर तासाबाहेरच्या फोनचे पैसेही मिळत नाहीत. सगळं जमणार नाही. मग भाषणाचा वेळ कापा, पण वही सोडू नका. अभ्यासक्रमातला एखादा मुद्दा राहिला तर तो पुस्तकात सापडतो. राहिलेला विद्यार्थी पुस्तकात सापडत नाही.

माझ्या त्या पहिल्या वर्षाच्या हजेरीत तिच्या नावापुढे शेवटपर्यंत 'हजर' आहे. तो कागद मी अजून ठेवलाय. बरं, मी बराच वेळ बोललो. आता प्रश्न घेऊ, आणि आधी ऑनलाइन मंडळींचे. सभागृहातल्यांनी जरा थांबा, त्यांना माइक सुरू करायला वेळ लागेल.