ताप उतरत नाही? अँटिबायोटिकच्या आधी 'ब्लड कल्चर'चे विचारा

भातलावणीच्या दिवसांत पेण-रोह्याच्या वाड्यावस्त्यांवर कोणी ना कोणी तापाने अंथरूण धरलेले असतेच. पहिल्या दिवशी मेडिकलमधून आणलेली गोळी, दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांचे इंजेक्शन, चौथ्या दिवशी सलाईन. तरीही ताप हटला नाही की उपजिल्हा रुग्णालय आणि तिथून अलिबाग, पनवेल किंवा मुंबई. तोवर दोन-तीन प्रकारची अँटिबायोटिक घेऊन झालेली असतात. मोठ्या रुग्णालयात रक्ताचे कल्चर करतात आणि अहवाल येतो, 'जंतूंची वाढ नाही'. घरच्यांना वाटते, संसर्ग नव्हताच. पण कदाचित जंतू होते, फक्त औषधाने दबल्यामुळे बाटलीत वाढले नाहीत. मग नेमके कोणते औषध लागू पडेल हे डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावे लागते.

तपासणी होते कशी?

रक्तात जिवाणू शिरले तरी त्यांची संख्या फार कमी असते. मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखाद-दुसराच जिवाणू सापडतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहून भागत नाही, त्यांना खाद्य देऊन वाढवावे लागते. कल्चरच्या बाटलीत हे खाद्य असते. प्रौढ व्यक्तीच्या प्रत्येक बाटलीत साधारण 8 ते 10 मिलिलिटर रक्त घालतात आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांहून नमुने घेतात. लहान मुलांचे रक्त वजनानुसार कमी घेतात. 'एवढे रक्त कशाला?' असे म्हणून नातेवाईक सिस्टरांशी वाद घालतात. पण रक्त कमी पडले तर जंतू निसटण्याची शक्यता वाढते.

बाटली यंत्रात शरीराच्या तापमानाला ठेवतात. जिवाणू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि यंत्र तशी सूचना देते. बहुतेक जिवाणू पहिल्या 48 तासांतच दिसतात, पण 'वाढ नाही' असे सांगण्यासाठी सहसा 5 दिवस थांबतात. जंतू सापडला की तो कोणता आणि कोणत्या औषधाने मरतो, हे तपासायला आणखी एक-दोन दिवस जातात. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, ती लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावी लागते.

दोन जागांहून नमुने घेण्याचे आणखी एक कारण आहे. त्वचेवरचे निरुपद्रवी जिवाणू सुईबरोबर बाटलीत जाऊ शकतात. एकाच नमुन्यात असा जंतू आला तर तो बहुधा त्वचेवरचा असतो, दोन्हींत आला तर गांभीर्याने घ्यावा लागतो.

विडाल म्हणजे कल्चर नव्हे

आपल्याकडे 'टायफॉइड निघाला' हे बहुतेक वेळा विडाल तपासणीवरून सांगितले जाते. विडालमध्ये जंतू दिसत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दिसतात. ती पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही असू शकतात आणि तापाच्या पहिल्या आठवड्यात नसूही शकतात. एका विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शेजारच्या नवी मुंबईचे उदाहरण घ्या. तिथल्या महानगरपालिकेने 2018 मध्ये टायफॉइडची नवी लस एक लाखाहून अधिक मुलांना दिली. ही लस खरोखर उपयोगी पडते का, हे तपासताना संशोधकांनी ब्लड कल्चरमध्ये सिद्ध झालेले टायफॉइडचे रुग्णच मोजले. अर्थात कल्चरलाही मर्यादा आहे. टायफॉइडच्या दहापैकी जवळपास चार रुग्णांत ते निगेटिव्ह येऊ शकते. आधी अँटिबायोटिक घेतले असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

आणखी एक गोष्ट. मलेरिया, डेंग्यू आणि चिखलात राबणाऱ्यांना गाठणारा लेप्टोस्पायरोसिस या नेहमीच्या कल्चरमध्ये दिसत नाहीत. त्यांच्या तपासण्या वेगळ्या आहेत. कल्चर निगेटिव्ह आले म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये.

आपण काय करावे?

प्रत्येक तापाला ब्लड कल्चर लागत नाही. पण ताप तीन-चार दिवस टिकला, थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा रुग्णाला दाखल करायची वेळ आली, तर पहिल्या अँटिबायोटिकआधी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "साहेब, ब्लड कल्चर घ्यायचे का?" आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि चिठ्ठ्या सोबत न्या, काही लपवू नका. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या व उपचार मोफत आहेत. कल्चर तिथेच होते की नमुना बाहेर पाठवतात, हे विचारून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात असाल तर आरोग्यमित्राला भेटा.

मात्र श्वास जोरात चालला असेल, रुग्ण असंबद्ध बोलत असेल, लघवी कमी झाली असेल, हातपाय गार पडले असतील किंवा तान्हे बाळ दूध ओढत नसेल, तर अहवालाची वाट पाहायची नाही. तो सेप्सिस असू शकतो, 108 ला फोन करा. अशा वेळी कल्चरचे रक्त काही मिनिटांत घेऊन लगेच औषध सुरू करायचे असते. अहवाल आला की डॉक्टर औषध बदलू शकतात. पण रक्तच घेतले नसेल, तर अहवाल येणार कुठून?