शॉकअप काढण्याआधी : गाडीचं वजन नक्की कशावर आहे?



भिवंडीत पावसाळा संपला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "शॉकअप गेलेत." गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांच्या वाटेवरचे खड्डे आणि आपली जुनी मारुती ८००, दुसरं काय होणार! मागचे शॉकअप घरीही काढता येतात. पण पाना हातात घेण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या मुलाला एक प्रश्न विचारा : गाडीचं वजन कशावर आहे?

बहुतेक मुलं म्हणतील, शॉकअपवर. तसं नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. खड्ड्यात स्प्रिंग दबते आणि नंतर वर-खाली होत राहते. ही हालचाल शमवणं हे शॉकअपचं काम. त्याच्या नळीत तेल असतं आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. तेल छिद्रांतून ढकललं जाताना हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते.

गेला आहे, हे कसं ओळखाल?
गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. एक-दोन हेलकाव्यांत थांबली तर ठीक. डुलतच राहिली किंवा नळीवर तेल ओघळलेलं दिसलं, तर बदलायची वेळ झाली.

काढताना काय सांभाळायचं?

१. आदल्या रात्री गंजलेल्या नट-बोल्टवर गंज सुटण्याचं तेल मारा.

२. गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपतो. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा.

३. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा.

४. गाडी जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर नको. वीट अचानक फुटते.

५. आता सर्वांत महत्त्वाचं. उचललेल्या गाडीत लटकणाऱ्या ॲक्सलला शॉकअपच धरून ठेवतो. तो सुटला की ॲक्सल खाली येतो, स्प्रिंग निसटू शकते, ब्रेकच्या रबरी पाइपला ताण बसतो. म्हणून बोल्ट काढण्याआधी ॲक्सलखाली दुसरा जॅक लावा.

६. मग वरचा आणि खालचा नट-बोल्ट काढा. वॉशर आणि रबर कोणत्या क्रमाने बसवलेत, त्याचा फोटो काढून ठेवा.

७. शॉकअप जोडीनेच बदला. रबरी बुश असलेला बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर पूर्ण आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढच्या बाजूला हात लावू नका. तिथे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात आणि स्प्रिंग दाबून बसवलेली असते. मधला नट सोडला तर ती उसळून जीवघेणी इजा करू शकते. ते काम स्प्रिंग दाबण्याचं साधन असलेल्या मेकॅनिकचंच.

वर्गासाठी
सुई नसलेली सिरिंज पाण्याने भरून मुलांना दट्ट्या आधी हळू, मग जोरात ढकलायला सांगा. जितकी घाई, तितका विरोध जास्त. शॉकअप असाच चालतो. सोबत बॉलपेनची स्प्रिंग दाबून सोडायला सांगा. ऊर्जा साठवणारी वस्तू आणि ऊर्जा शमवणारी वस्तू यांतला फरक व्याख्या न सांगता कळेल. काढलेला जुना शॉकअपही वर्गात दाखवता येईल. फक्त तो कापू नका, आगीजवळ नेऊ नका. काहींत दाबाखालचा वायू असतो.

काम चालू असताना मुलांनी पाने द्यावेत, बोल्ट मोजावेत, प्रश्न विचारावेत. गाडीखाली मात्र जाऊ नये. आणि कोणताही बोल्ट सोडण्याआधी त्यांना सवय लावा, "हा बोल्ट कशाला धरून आहे?" असं विचारायची. उत्तर मिळेपर्यंत पाना खाली ठेवायचा.