प्रोग्रॅमिंग स्पर्धांची पाच दशके

विद्यापीठांमधल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेची सुरुवात १९७० साली अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात झाली. १९७७मध्ये पहिली अंतिम फेरी झाली आणि पुढे हीच स्पर्धा ‘आयसीपीसी’ या नावाने जगभर पोहोचली. तिघांचा संघ, पाच तास आणि तिघांत मिळून एकच संगणक, हे तिचे स्वरूप दीर्घकाळ टिकून आहे. या स्पर्धेने विद्यार्थ्यांना जे दिले, त्यातले बरेचसे या एका संगणकाच्या अटीतून आले. एक जण टाइप करत असताना उरलेले दोघे कागदावर पुढचा प्रश्न सोडवतात किंवा आधीच्या कोडची प्रिंट घेऊन चूक शोधतात. कीबोर्डला हात लावण्याआधी उत्तर डोक्यात पूर्ण असावे लागते आणि ते सोबत्याला पटवूनही द्यावे लागते. प्रश्न अखेर सुटला, तर त्याआधीच्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नामागे २० मिनिटांचा दंड पडतो. त्यामुळे ‘चालवून तर बघू’ ही सवय आपोआप सुटते. प्रश्न सुटला की संघाच्या टेबलावर त्या प्रश्नाच्या रंगाचा फुगा लागतो. सभागृहात कोणत्या रंगाचे फुगे वाढताहेत यावरून सोपा प्रश्न कोणता, याचा अंदाज जाणकार संघ घेतात. कोणते काम आधी हाती घ्यायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हा निर्णय वर्गात क्वचितच शिकवला जातो.

शाळकरी मुलांसाठीची आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाड १९८९मध्ये बल्गेरियातल्या प्रावेट्स इथे सुरू झाली. भारताचा संघ तिथे २००२पासून जाऊ लागला. भारतातली तिची पहिली पायरी अनेक वर्षे कागद-पेनाची परीक्षा होती. घरी संगणक नसलेल्या मुलालाही ती देता येई, कारण कस लागत होता तो पायरी-पायरीने विचार करण्याचा. ही योजना फार शहाणपणाची होती.

खरा विस्तार झाला तो इंटरनेटमुळे. स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठाने १९९०च्या दशकात आपला ऑनलाइन परीक्षक, म्हणजे कोड आपोआप तपासणारी प्रणाली, जगाला खुला केला. टॉपकोडर हे स्पर्धांचे संकेतस्थळ २००१मध्ये आले, मुंबईच्या डिरेक्टी कंपनीने कोडशेफ २००९मध्ये सुरू केले आणि रशियातल्या सारातोव्हमधून कोडफोर्सेस २०१०मध्ये. यानंतर कॉलेज कोणते, गाव कोणते, हा प्रश्न मागे पडला. ज्या कॉलेजात नावाजलेल्या कंपन्या प्लेसमेंटला फिरकत नाहीत, तिथल्या विद्यार्थ्याच्या हाती या स्पर्धांतल्या कामगिरीवरून मिळणारे असे रेटिंग पहिल्यांदाच आले, जे कुठेही तपासून पाहता येते.

या परीक्षकांकडून नेमके काय शिकायला मिळते, ते एका साध्या प्रश्नावरून दिसते. एक लाख आकडे दिले आहेत. त्यातल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते, ते शोधायचे आहे. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक जोडी तपासणे. जोड्या होतात सुमारे ५०० कोटी, आणि एका सेकंदाची मर्यादा असेल तर पडद्यावर ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ उमटते. तेच आकडे आधी चढत्या क्रमाने लावले, तर साधारण १७ लाख तुलना लागतात आणि मग दोन टोकांकडून आत येत एका फेरीत उत्तर सापडते. आता आकडे २०० कोटींपर्यंतचे असतील, तर दोन आकड्यांची बेरीज ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही. तिथली मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. अशा वेळी निकाल येतो ‘राँग आन्सर’. कोणता टेस्ट केस चुकला, हे परीक्षक बहुधा सांगत नाही. तो स्वतःच शोधून काढावा लागतो. ही चूक केवळ नवशिक्यांची नव्हे. जावाच्या प्रमाणित लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये नेमकी अशीच बेरजेची चूक सुमारे नऊ वर्षे राहिली होती. प्रोग्रॅमर जोशुआ ब्लॉक यांनी २००६मध्ये ती जाहीरपणे मांडली.

टॉपकोडरने आणखी एक मोलाची गोष्ट रुजवली. कोड लिहून झाल्यावर स्पर्धक एकमेकांचे कोड वाचत आणि ते कोसळेल असा टेस्ट केस रचत. जमले तर ५० गुण, फसले तर २५ गुण वजा. दुसऱ्याचा कोड संशयाने वाचणे हे नोकरीत रोजचे काम असते, अभ्यासक्रमात मात्र त्याला फारशी जागा नसते. स्पर्धा संपल्यावर न सुटलेले प्रश्न पुन्हा घेऊन बसणे, म्हणजे ‘अपसॉल्व्हिंग’, ही सवयही याच काळात पक्की झाली. क्रमांक कितवाही येवो, सर्वाधिक शिकणे याच टप्प्यात होते.

काही स्पर्धा तासांऐवजी वर्षांच्या झाल्या. नेटफ्लिक्सने ऑक्टोबर २००६मध्ये आपल्या शिफारस-यंत्रणेची अचूकता १० टक्क्यांनी वाढवणाऱ्यास १० लाख डॉलर जाहीर केले. शर्यत २००९पर्यंत चालली आणि अखेरीस प्रतिस्पर्धी संघ एकत्र येऊनच ती जिंकू शकले. उपविजेत्यांचा निकाल तेवढाच अचूक होता, फक्त वीस मिनिटे उशिरा पोहोचला. अंतिम विजयी रचना मात्र नेटफ्लिक्सने पूर्णपणे वापरली नाही. ती चालवण्याचा खटाटोप फायद्याच्या मानाने जास्त होता. उपयोगी पडले ते मधल्या टप्प्यावर हाती आलेले अल्गोरिदम. स्पर्धेतला सर्वोत्तम कोड आणि रोजच्या वापरातला कोड यांतले अंतर इथे स्पष्ट दिसले. आयसीपीसीतला कोड त्या पाच तासांपुरताच लिहिलेला असतो. पाच वर्षांनी दुसरा कोणी तो दुरुस्त करणार आहे, हे भान तिथे लागत नाही.

स्पर्धा आणि प्रत्यक्ष वापर यांतले हे अंतर हॅकेथॉनने काही अंशी कमी केले. २०१७मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सरकारी खात्यांनी आपापल्या अडचणी मांडल्या आणि संघांनी सलग ३६ तास बसून त्यांवर सॉफ्टवेअर उभे केले. इथे अडचण कुणाची, ती नेमकी कोणती आणि वापरणाऱ्याला काय झेपेल, हे आधी समजून घ्यावे लागते. मग परीक्षकांपुढे चालता नमुना ठेवून त्यांचे प्रश्न झेलावे लागतात.

गुगलने २००३पासून चाललेली आपली कोड जॅम स्पर्धा २०२३मध्ये बंद केली. त्याआधीच, २०२२मध्ये, डीपमाइंडच्या अल्फाकोड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने कोडफोर्सेसच्या स्पर्धांमध्ये मध्यम दर्जाच्या स्पर्धकाइतकी मजल मारली होती. घरबसल्या मिळवलेल्या रेटिंगवर भरतीसाठी विसंबणे त्यामुळे अवघड होत गेले आणि समोरासमोर होणाऱ्या फेऱ्यांचे वजन वाढले. आयसीपीसीच्या अंतिम फेरीत स्पर्धकांना इंटरनेट मिळत नाही. संघाने स्वतः तयार केलेली २५ छापील पानांची संदर्भवही तेवढी जवळ ठेवता येते, आणि ती वही तयार करण्यातच अनेक संघांचे वर्षभराचे वाचन होते.